गिटार झीनतच्या हातात, बोटं कुणाची?

आमच्या नारायणगावात वादक म्हणजे ढोलकीवाला. फडावर तो पुढं येतो, बाईच्या पायाशी जुगलबंदी करतो, शिट्ट्या त्यालाही पडतात. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढं ‘छायागीत’ आलं आणि वादक दिसेनासाच झाला. ‘यादों की बारात’मधलं (१९७३) ‘चुरा लिया है’ घ्या. पडद्यावर गिटार झीनत अमानच्या हातात, वाजवलेली भूपिंदर सिंग यांनी! मला हे फार उशिरा कळलं. ते गझलाही गायचे, म्हणून नाव तरी राहिलं. नुसत्या वादकांचं काय? सगळे मिळून ‘वाद्यवृंद’.

पण टीव्हीला तरी कशाला बोलू? विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपती पदक मिळालं, हे मला पाठ आहे. त्यांच्या ढोलकीवाल्याचं नाव मात्र सांगता येत नाही. जुन्नर-आंबेगावातल्या जुन्या मंडळींनो, तुम्हाला आठवतंय?