उपडी बाटली

१८६६ साली आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्याने उत्तर चीनमधून पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे प्राण्यांचे नमुने पाठवले. त्यांत काही ‘पिवळे उंदीर’ होते. पुढच्या वर्षी मिल्न-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांचं शास्त्रीय नामकरण केलं. त्याच १८६७ साली आपल्याकडे टी. सी. जर्डन या लष्करी डॉक्टरांचा भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यात त्या पिवळ्या उंदराच्या एका भारतीय भावंडाला नाव मिळालं. हरियाणाच्या रेताड मुलखावरून जर्डननी त्याला ‘हुरियाने’ म्हटलं. एकाच वर्षी बारसं झालेली ही दोन भावंडं. दोघंही जर्बिल, दोघंही कोरड्या प्रदेशात बिळं खणून राहणारी. पुढे त्यांच्या वाट्याला आलेली नशिबं मात्र अगदी वेगळी.

मंगोलियाकडचं भावंड आज जगभरच्या मुलांच्या खोल्यांत पिंजऱ्यात राहतं. भारतीय भावंड थरच्या वाळूत राहतं आणि कृषी खात्याच्या लेखी ते पिकांचं शत्रू आहे. पहिल्या जातीचे दोन जीव गेल्या वर्षापासून जयपूरला आमच्या घरी आहेत. लेकीच्या मैत्रिणीचं कुटुंब बदली होऊन परदेशी गेलं, तेव्हा पिंजरा, बाटली आणि भुश्याची अर्धी पिशवी यांसह ते आमच्याकडे आले. त्यांच्या रात्रीच्या आवाजाने घरात जो वाद सुरू झाला, त्याचं उत्तर शोधता शोधता मी या इतिहासात शिरले.

आवाज तीन. पहिला, काचेच्या कोपऱ्यात पुढच्या पायांनी खणत राहण्याचा. खाली चार बोटं भुसा आणि त्याखाली काच, तरी खणणं थांबत नाही. दुसरा, दातांनी सळई कुरतडण्याचा. तिसरा आणि सगळ्यात वैतागवाणा, पाण्याच्या बाटलीचा. ही बाटली उपडी टांगलेली असते. तिच्या तोंडाला धातूची नळी आणि नळीच्या टोकाशी एक गोळी. प्राण्याने चाटलं की गोळी किंचित वर सरकते, थेंब सुटतो, आणि सुटलेल्या पाण्याची जागा घ्यायला हवेचा बुडबुडा नळीतून वर चढतो. म्हणून एका घोटाचे दोन आवाज होतात: गोळीचा टकटक आणि बुडबुड्याचा गुडगुड. तहान नसतानाही नळी चावायला मिळाली, तर सबंध बाटली पिंजऱ्यावर आपटते तो आवाज निराळाच. मंगोलियन जर्बिल निव्वळ निशाचर नाही. दिवसरात्र तो थोडा झोपतो, थोडा जागतो. त्यामुळे रात्री अडीच वाजताही मैफल रंगू शकते.

घरातून सूचना आली ती तर्काला धरून होती. हा वाळवंटी प्राणी. रानात याला कोण बाटली लावतं? रात्री बाटली काढून ठेवू, सकाळी लावू. झोपही होईल, त्यालाही काही व्हायचं नाही.

या तर्काचा अर्धा भाग खरा आहे, आणि तो शास्त्रज्ञांनी राजस्थानातच पडताळून पाहिला आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश आणि पी. के. घोष यांनी थरच्या जर्बिलवर वर्षानुवर्षं काम केलं. वाळवंटातल्या कृंतक प्राण्यांवरचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७५ साली निघाला. थरचा हा जर्बिल प्यायला पाणी नसतानाही कोरड्या बियांवर दीर्घकाळ तग धरतो. यामागचं रसायन अमेरिकेतल्या कांगारू-उंदरावर काम करताना क्नूट श्मिट-नील्सन यांनी उलगडलं होतं. अन्न शरीरात जळतं तेव्हा त्यातून पाणी तयार होतं. १०० ग्रॅम स्टार्चमधून सुमारे ५६ ग्रॅम. ज्याची मूत्रपिंडं अतिशय घट्ट मूत्र बनवतात आणि ज्याला घाम येत नाही, अशा जिवाचा खर्च एवढ्या मिळकतीत भागू शकतो.

उरलेला अर्धा भाग या जमाखर्चाच्या खर्चाकडे बघितल्यावर कळतो. शरीरातलं पाणी सगळ्यात जास्त जातं ते श्वासावाटे. श्वास कोरड्या हवेत घेतला तर जास्त जातं, दमट हवेत घेतला तर कमी. १९५० च्या सुमारास क्नूट आणि बोडिल श्मिट-नील्सन या दांपत्याने ॲरिझोनाच्या वाळवंटात बिळांमधल्या हवेचं मोजमाप केलं. उंदराच्या शेपटीला चिमुकलं उपकरण बांधून ते त्याच्याकरवीच बिळात धाडलं. आतली हवा बाहेरच्या हवेहून कितीतरी दमट आणि थंड निघाली. वाळवंटातल्या या प्राण्यांची काटकसर अशी दोन ठिकाणी वाटलेली असते, काही शरीरात आणि काही जमिनीखाली. वर ४५ अंशांचं ऊन असताना खाली बिळात तो आपल्याच श्वासाची वाफ राखून बसलेला असतो.

हे वाचलं आणि बाटलीचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. काचेच्या पेटीत, पंख्याखाली, जयपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ठेवलेल्या जर्बिलकडे त्याचं शरीर आहे, बीळ नाही. बीळ आपण काढून घेतलं आणि त्याची भरपाई म्हणून बाटली लावली. आता भरपाईही काढून घ्यायची, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

बीळ सुटलं कधी, याचीही तारीख सांगता येते. १९३५ साली अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या २० जोड्या जपानला, टोकियोच्या किटासाटो संस्थेत नेल्या गेल्या. त्यांच्या वंशातल्या ११ जोड्या १९५४ साली न्यूयॉर्क राज्यात व्हिक्टर श्वेंटकर यांच्या प्राणिपैदास केंद्रात पोचल्या. त्यांतल्या नऊच जनावरांना पिल्लं झाली, आणि पाश्चात्त्य प्रयोगशाळांतले व घराघरांतले बहुतेक जर्बिल या नवांचीच संतती आहेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांचं कडं त्यांच्यात अपुरं असतं, म्हणून पक्षाघाताच्या अभ्यासात ते आले. काही कुळांत आकडी येते, म्हणून अपस्माराच्या अभ्यासात आले. त्यांना माणसासारखे खालच्या पट्टीतले आवाज चांगले ऐकू येतात, म्हणून श्रवणाच्या अभ्यासातही आले. उघड्या माळावर शिकाऱ्याची चाहूल लागावी म्हणून घडलेला तो कान. तेव्हा रात्री त्यांचा आवाज आपल्याला येतो, तसा आपल्या टीव्हीचा, मिक्सरचा, भांडणाचा आवाज त्यांनाही येतो. प्रयोगशाळांनी सोयीसाठी जे दिलं, म्हणजे धुता येणारा पिंजरा, पातळ भुसा आणि उपडी बाटली, तेच सगळं पुढे दुकानातून घरात आलं.

आमच्या घरातला दुसरा आक्षेप झोपेचा नव्हता. सासूबाई बीड जिल्ह्यातल्या. १९९४ च्या ऑगस्टमध्ये त्याच जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडल्याच्या आणि पिसवा वाढल्याच्या तक्रारी आल्या आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, लोक गाड्या भरभरून शहर सोडून गेले, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला होता. पडक्या, सोडून दिलेल्या घरांत धान्य राहिलं, त्यावर उंदीर माजले, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं गेलं. या साखळीच्या टोकाला रानातला एक जर्बिलच होता. १८०७ साली थॉमस हार्डविक यांनी वर्णन केलेला, उत्तरेत ‘हिरना मूसा’ म्हणून ओळखला जाणारा हा जर्बिल दख्खनच्या शेतांतही असतो. प्लेगचा जंतू दोन साथींच्या मधल्या काळात ज्यांच्यात टिकून राहतो त्या रानटी कृंतकांत त्याची गणना होते. त्याच्या पिसवांमार्फत रोग घरच्या उंदरात येतो आणि तिथून माणसात.

“रात्री कुरतडल्याचं ऐकू आलं की मला अंथरुणातही पाय वर घ्यावेसे वाटतात,” सासूबाई म्हणाल्या. या भीतीला मी अडाणीपणा म्हणू शकत नाही. ती आकडेवारीहून जुनी आणि तिच्याइतकीच खरी आहे. मी त्यांना एवढंच सांगितलं, “आई, प्लेगला रानातली पिसू लागते. हे दोघं पिंजऱ्यात जन्मले, यांच्या कितीतरी पिढ्या पिंजऱ्यात गेल्या.” तरीही एक गोष्ट ठरली. पिंजरा त्यांच्या खोलीच्या भिंतीपासून दूर, बैठकीच्या टोकाला गेला आणि पाळीव जर्बिल कधीही अंगणात सोडायचा नाही, रानातल्या कृंतकाशी त्याची गाठ पडू द्यायची नाही, हा घरचा नियम झाला.

खणण्याच्या आवाजावर उपाय झुरिकहून मिळाला. क्रिस्टोफ वीडेनमायर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जर्बिलची पिल्लं निरनिराळ्या पिंजऱ्यांत वाढवली. काहींना खणायला कोरडी वाळू दिली, तरी ती कोपऱ्यात तासन्‌तास खणत राहिली. काहींना बोगद्यासारख्या वाटेतून शिरता येईल अशी अंधारी खोली दिली, आणि त्यांच्यात ही सवय जडलीच नाही. म्हणजे त्यांना खणण्याची हौस भागवायची नव्हती, बिळात पोचायचं होतं. बीळ मिळालं की खणणं संपतं. कोपऱ्यातला तो आवाज न सापडलेल्या दाराचा आवाज आहे.

मग आम्ही एक खोल काचेची टाकी घेतली. तीत वीतभराहून जास्त भुसा आणि वाळलेलं गवत दाबून भरलं, बोगदा ढासळू नये म्हणून. मधे एक छोटं मडकं आडवं पुरलं आणि पुठ्ठ्याच्या नळीने त्याचं तोंड वर आणलं. बाटली रात्रभर जागेवरच राहते. फक्त तिच्या आणि काचेच्या मधे फेल्टचा तुकडा आहे आणि नळीचं टोकच तेवढं आत येतं, चावायला धातू कमी मिळावा म्हणून. चावण्यासाठी पुठ्ठा आहे. रोज सकाळी गोळी बोटाने दाबून थेंब येतो का ते लेक बघते, कारण अडकलेली गोळी आवाज करत नाही आणि त्या शांततेत प्राणी तहानेने मरू शकतो. मोठी झालेली जनावरं जुनी सवय सहजी सोडत नाहीत, त्यामुळे एक जण अजून अधूनमधून कोपरा खणतो. दुसरा मडक्यात जाऊन झोपतो. गुडगुड मात्र रोज ऐकू येते.

ती ऐकताना मला या शहराचं पाणी आठवतं. एके काळी जयपूरची तहान भागवणारा रामगढचा तलाव, ज्यावर १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती झाल्या, पुढे आटला. आता नळाला येणारं पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून येतं. जुन्या हवेल्यांत उन्हाळ्यासाठी तहखाने होते, जमिनीखालच्या थंड खोल्या. आमच्या फ्लॅटला तहखाना नाही. स्वयंपाकघरात २० लिटरची बरणी उपडी ठेवलेली आहे. तिच्यातूनही पाणी घेतलं की हवेचा मोठा बुडबुडा वर चढतो आणि तसाच आवाज होतो. एप्रिल लागला की इथले लोक झाडांना पक्ष्यांसाठी पाण्याचे परिंडे टांगतात आणि रोज भरतात. पक्षी पितात का, हे बघायला कुणी थांबत नाही. पाणी भरलेलं असावं, एवढंच.