दोन कायद्यांमधली फट

माझी मावशी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. ती गेल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत राज्य कामगार विम्याचे ओळखपत्र आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्रांचा जुडगा सापडला. रेशनकार्डाइतकाच जपून ठेवलेला. आजारी पडल्याचे पुरावे माणसाने जन्मभर का सांभाळावेत, या प्रश्नाने मला कायद्याच्या पुस्तकांकडे नेले. मी वकील नाही. ग्रंथालयात बसून कलमे वाचत गेलो आणि जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

या कथेचा आरंभ बाळंतपणापासून होतो. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. पुढे मुंबई विधिमंडळात आसवले यांनी तसेच विधेयक मांडले. त्यावर जुलै १९२८ मध्ये बोलताना डॉ. आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे सांगितले आणि या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असेही सुचवले. १९२९ साली कायदा झाला. स्त्री कामगाराला रोज आठ आणे मिळू लागले, पण ते द्यायचे होते ज्याच्या त्याच्या मालकाने. त्यामुळे बाई कामावर ठेवणे म्हणजे अंगावर खर्च घेणे, असा हिशेब मालकाच्या मनात येण्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली.

यावरचा उपाय म्हणजे विमा. जोखीम एका मालकावर न टाकता सगळ्यांच्या वर्गणीच्या निधीवर टाकायची. डॉ. आंबेडकर केंद्रात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी तो तपासला आणि आजारपण, बाळंतपण व कामावरची इजा या तिन्हींचा एकच विमा करावा, असे सुचवले. त्यातून १९४८ चा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती मुंबईत आली. मुंबईने सरकारी दवाखान्यांपेक्षा पॅनेलवरच्या खाजगी डॉक्टरांची पद्धत पत्करली. त्यामुळे चाळीखालचाच डॉक्टर ‘विम्याचा डॉक्टर’ झाला.

एकाच आजारावर दोन कायद्यांचा लाभ कोणी घेऊ नये, याची या कायद्याने चांगलीच काळजी घेतली. कलम ६१ नुसार इथे लाभ मिळत असेल तर तशाच स्वरूपाचा लाभ दुसऱ्या कायद्याखाली मागता येत नाही. कलम ६५ नुसार एकाच काळासाठी आजारपणाचा आणि बाळंतपणाचा लाभ एकत्र घेता येत नाही. मात्र दोन्ही देय असतील तर कोणता घ्यायचा, हे विमेदाराने ठरवायचे. हा छोटासा हक्क मला फार मोलाचा वाटतो. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडू नये, अशीही तरतूद आहे. महामंडळाने आधी लाभ द्यायचा आणि मग मालकाकडून वसूल करायचा.

पण दोन्ही कायद्यांच्या मध्ये जो पडेल, त्याचे काय?

१९६१ साली देशभरासाठी प्रसूतिलाभ कायदा आला. ज्या कारखान्याला विमा योजना लागू, त्याला हा कायदा लागू नाही, असे त्यात लिहिले होते. कागदावर हिशेब चोख होता. पण एखाद्या कारखान्याला योजना नव्याने लागू झाली, की तिथल्या गरोदर बाईचा जुना हक्क संपे आणि नव्याची पात्रता वर्गणी साठल्यावरच येई. पोटातले मूल काही वर्गणीची मुदत भरेपर्यंत थांबत नाही. १९७२ साली कलम ५अ घालून, नवा लाभ मिळेपर्यंत जुना चालू राहील, अशी दुरुस्ती झाली. दुसरी फट वेतनमर्यादेची होती. पगार मर्यादेवर गेला की बाई विम्याबाहेर जाई आणि कारखाना विम्याखाली असल्याने प्रसूतिलाभ कायद्यालाही ती पारखी होई. ती फट १९७६ साली कलम ५ब ने बुजवली. दोनदा लाभ घेणाऱ्याची चिंता कायद्याला १९४८ सालीच होती. एकदाही न मिळणाऱ्या बाईची आठवण व्हायला पुढची २४ वर्षे जावी लागली.

नोकरीच्या रक्षणाचीही अशीच कथा आहे. कलम ७३ सांगते की आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला मालकाने काढू नये, शिक्षा करू नये. पण मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली वेगळा निर्णय दिला. रजेवाचून सलग आठ दिवस गैरहजर राहणारा कामगार नोकरी सोडून गेला असे समजावे, असा त्या गिरणीचा स्थायी आदेश होता. अशी आपोआप संपणारी नोकरी कलम ७३ च्या आड येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे विम्याचे प्रमाणपत्र लाभ मिळवून देईल, पण रजेचा अर्ज केला नसेल तर नोकरी राखेलच असे नाही. मावशीच्या जुडग्यात प्रत्येक प्रमाणपत्राला रजेच्या अर्जाची नक्कल टाचणीने का लावलेली होती, ते मला इथे उमगले. तिने हा निकाल वाचला नव्हता. खात्यातल्या बायका एकमेकींना सांगत, तेच तिचे कायद्याचे शिक्षण.

जुडग्यातले शेवटचे प्रमाणपत्र १९८१ सालचे आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. कलम ६३ नुसार संपावर असलेल्या दिवसांचा आजारलाभ, नियमांतले अपवाद सोडले तर, मिळत नाही. पगार नाही म्हणून वर्गणी नाही आणि वर्गणी नाही म्हणून पुढची पात्रताही नाही. संपात मावशी आजारी पडली नाही, असे घरात कोणीही म्हणणार नाही. त्या आजारपणांचा कागद तेवढा झाला नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे इतर सात कायद्यांसह एका पुस्तकात आणले आहेत. पुस्तक एक झाले, हे चांगलेच. पण ते वाचताना मी कलमे जिथे एकमेकांना भेटतात तिथली जागा बोटाने चाचपून पाहतो. मावशीसारखी माणसे तिथेच पडतात.