व्ही.पी.चं बक्षीस

खेड्यात सरकारची माणसं पुष्कळ यायची. तलाठी यायचा तो वसुलीला, फौजदार यायचा तो दरडवायला. पोस्टमन मात्र द्यायला यायचा, म्हणून पोस्टावर लोकांचा भरवसा. १८७७ साली पोस्टानं व्ही.पी. सुरू केली, १८८० ला मनीऑर्डर. मुंबईच्या गिरणीतला पैसा मनीऑर्डरीनं गावाकडच्या चुलीपर्यंत आला आणि व्ही.पी.नं पुस्तकं, औषधं घरपोच मिळू लागली.

व्ही.पी.ची रीत अशी, की आधी पैसे मोजायचे, मग पार्सल हातात. आधी फोडून बघायची सोय नाही. आत काय निघतं, त्याला पोस्ट जबाबदार नाही. नेमक्या ह्याच फटीतून लबाड माणूस आत शिरला.

कोड्यांचं वेड तर जुनंच होतं. १९५५ साली सरकारनं कायदा केला आणि महिन्याला हजार रुपयांवर बक्षिसं वाटणाऱ्या कोड्यांच्या स्पर्धांवर बंदी आणली. तरी आमच्या लहानपणी मासिकांच्या मागल्या पानांवर जाहिराती असायच्याच. नऊ घरांत एक ते नऊ आकडे भरा, उभी-आडवी-तिरपी बेरीज पंधरा आणा, ट्रान्झिस्टर मिळवा! उत्तर कुणाचंही बरोबर यायचं आणि बक्षीस सगळ्यांनाच लागायचं. फक्त 'पॅकिंग आणि टपालखर्च' तेवढा भरायचा.

७२ चा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. माझा चुलतभाऊ तेव्हा सातवीत. घरात लिहिता-वाचता येणारा तो एकटाच, त्यामुळं त्याला आलेलं 'अभिनंदन'चं पत्र वाचणाराही तोच. व्ही.पी. अठरा रुपयांची. गावचं पोस्ट शाळेतल्या गुरुजींकडंच होतं. "आबांनी मागवलंय," असं त्यानं गुरुजींना सांगितलं. मग चार दिवस रोज पायलीभर ज्वारी कणगीतून काढून दुकानदाराला घातली आणि व्ही.पी. सोडवली. आत प्लॅस्टिकचं खोकं, त्याला दोन खोट्या फिरक्या आणि वजनाला विटेचा तुकडा. ते त्यानं उकिरड्यात पुरलं.

दुष्काळात लाल मिलो खाऊन दिवस काढलेलं घर ते. कणगी उतरलेली चुलतीच्या लगेच ध्यानात आली. आळ आला सालगड्यावर. तो बिचारा भाकरीची शपथ घेऊन सांगत होता, पण चुलत्यानं पाडव्याची वाट न बघता त्याचा हिशोब केला. पोरगं दाराआड उभं राहून सगळं ऐकत होतं. बाप चामडं लोळवील, ह्या भीतीनं त्याची जीभ उचलली नाही.

हे त्यानं मला सांगितलं ते तीस वर्षांनी, चुलता वारल्यावर. म्हणाला, "अठरा रुपयांचं काय नाही रं. त्या गड्यानं जाताना माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, ते जात नाही." तोवर सालगड्याचं घर ऊसतोडीला जाऊन पांगलं होतं. माफी मागायला माणूस उरला नव्हता.

गावोगावी अशी किती विटांची पार्सलं उकिरड्यात गेली, त्याची नोंद कुठल्या दप्तरात सापडायची? पोरं घरी बोलणार नाहीत, ह्याच भांडवलावर तो धंदा चालला होता. आता तसलंच बक्षीस नातवंडांच्या मोबाइलवर येतं. घरातलं पोरगं एकाएकी गप्प झालं, तर त्याला आधी जवळ बसवावं. पैसे किती गेले, ते मागनं विचारावं.