ब्रॉडबँड जोडणीचे प्रकार

ब्रॉडबँड जोडणी म्हणजे सतत चालू राहणारी वेगवान इंटरनेट सेवा. भारतात २००४ च्या धोरणानुसार तिचा किमान वेग २५६ केबीपीएस होता. २०२३ पासून तो २ एमबीपीएस आहे. घर वा कारखान्यापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात कोणते माध्यम वापरले आहे, यावरून तिचे प्रकार ठरतात.

डीएसएल जोडणी दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून मिळते. एक्सचेंजपासूनचे अंतर वाढते तसा तिचा वेग घटतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाच्या रूपाने संदेश जातो. त्यात ही घट नगण्य असते. कोल्हापुरात पंचगंगेला २०१९ व २०२१ साली महापूर आले. अशा वेळी फायबरची काच तांब्यासारखी गंजत नाही, हे खरे. परंतु घरातील मोडेमला वीज लागते. जुन्या दूरध्वनीला मात्र एक्सचेंजमधूनच वीज मिळे. हा फरक सहसा वीज गेल्यावरच लक्षात येतो.

गगनबावडा, राधानगरीसारख्या डोंगराळ तालुक्यांत केबल टाकणे खर्चिक असते. तेथे मनोऱ्यावरून मिळणारी बिनतारी जोडणी सोयीची ठरते, मात्र मध्ये डोंगर आल्यास संकेत अडतो. उपग्रह जोडणीला ही अडचण कमी. पण सुमारे ३६,००० किमी उंचीवरील भूस्थिर उपग्रहामुळे प्रतिसादाला विलंब होतो आणि मुसळधार पावसात संकेत क्षीण होतो.

घरगुती फायबर जोडणीची क्षमता अनेक ग्राहकांत विभागलेली असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील उद्योगाला मोठे आराखडे सतत पाठवायचे असल्यास लीज्ड लाइन उपयुक्त ठरते. तिच्यात राखीव क्षमता, दोन्ही दिशांना समान वेग आणि दुरुस्तीच्या मुदतीचा करार असतो. त्यामुळे ती बरीच महागही असते.