खाजकुइली, काळा रंग आणि कंपवात

देवगडच्या परिसरात पावसाळा सरला की गडग्यांवर, झुडपांवर चढलेले खाजकुइलीचे वेल शेंगांनी लगडतात. शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की काय होते, हे कोकणातल्या मुलांना शिकवावे लागत नाही. त्या लवेत प्रथिनांचे विघटन करणारे म्युक्युनेन हे विकर असते. खाज सुटते ती मुख्यतः त्यामुळे. शेंगेतल्या बीचे रसायन मात्र निराळे आहे. त्वचा, केस आणि कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार यांना जोडणारा धागा त्या बीत सापडतो.

हा धागा म्हणजे ‘डोपा’ हे अमिनो आम्ल. 1913 साली स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी ते बाकल्याच्या शेंगांतून वेगळे केले. 1917 साली त्वचारोगतज्ज्ञ ब्रुनो ब्लॉख यांनी त्वचेचे पातळ काप डोपाच्या द्रावणात ठेवले, तेव्हा त्यातल्या काही पेशी काळ्या पडल्या. त्वचेला व केसांना रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याचा मार्ग डोपावरून जातो, हे त्यातून कळत गेले. 1937 साली मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून डोपा मिळवला. त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

या आजाराचे वर्णन लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी 1817 सालीच केले होते. मेंदूच्या मध्यभागातील एक काळसर पट्टा अशा रुग्णांत फिका पडलेला असतो, हे 1919 साली त्रेत्याकोफ यांनी दाखवले. पुढचा दुवा आपल्या सर्पगंधेने दिला. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला होता. तिच्यातले रेसर्पिन दिल्यावर ससे निश्चल होतात आणि डोपा टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, असे 1957 साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांना आढळले. 1960 साली व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकिएविच यांना कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी तूट दिसली. 1967 साली कोट्झिआस यांनी तोंडाने देण्याच्या डोपाचे मोठे डोस हळूहळू वाढवून उपचार यशस्वी केले.

म्हणजे डोपाला दोन वाटा आहेत: त्वचेत त्यापासून मेलॅनिन होते, मेंदूत डोपामिन. मग त्वचेच्या रंगावरून आजाराचे भाकीत करता येईल का? इथे सावध राहायला हवे. कंपवाताच्या रुग्णांत मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग अधिक आढळतो. 1970च्या दशकात त्याचा संशय औषधी डोपावर घेतला गेला. पण आजाराचे निदान होण्याआधीही मेलॅनोमाचे प्रमाण अधिक दिसल्याने एकट्या औषधाला दोष देता येईना. 2009 साली अमेरिकेतील एका पाहणीत फिकट, विशेषतः लाल केसांच्या लोकांत धोका अधिक दिसला. परंतु वर्णहीन, म्हणजे कोड नव्हे तर जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींच्याही मेंदूतला तो पट्टा काळाच असतो. मेंदूतले रंगद्रव्य त्वचेतल्याप्रमाणे तयार होत नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेकांचे केस काळे, तरीही कंपवात होतोच. काळे केस म्हणजे संरक्षण नव्हे.

खाजकुइलीकडेही याच चिकित्सक नजरेने पाहावे. मुंबईत अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी तिच्या बियांच्या चूर्णाने केलेल्या उपचारांचे निष्कर्ष 1978 साली प्रसिद्ध केले. 1995 साली एचपी-200 या चूर्णाची 60 रुग्णांवर 12 आठवडे झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. सुधारणा दिसली, पण तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. 2004 साली लंडनमध्ये नेहमीच्या औषधाशी तुलना झाली. चूर्णाचा परिणाम लवकर सुरू झाला, मात्र रुग्ण केवळ 8 होते. बियांतले डोपाचे प्रमाण कमीजास्त असते. म्हणून ‘झाडपाला आहे, अपाय नाही’ असे म्हणून कोणी चालू औषध सोडून चूर्ण घेऊ लागला, तर धोका खरा आहे.

वर्गात खाजकुइली आणू नये. केळ्याची साल खरवडून ठेवावी. तिच्यातले डोपामिन हवेतील ऑक्सिजनशी, विकराच्या मदतीने, संयोग पावून काळे पडते. लिंबाचा रस लावल्यास ते मंदावते. ब्लॉख यांच्या काचपट्टीवर काय घडले असेल, याची कल्पना विद्यार्थ्यांना त्यावरून येईल.