‘मरून’ : एका शब्दाचा प्रवास

इंग्रजी दर्यावर्दी भाषेंत ‘मरून’ असें एक क्रियापद आहे. एखाद्या खलाशाला निर्जन बेटावर उतरवून जहाजानें निघून जावें, या कृत्याचें तें नांव. मराठी श्रोत्याच्या कानाला त्यांत मरणाचा ध्वनि ऐकूं येतो. साडीच्या मरून रंगाचीहि आठवण होते. परंतु हीं दोन्ही साम्यें केवळ उच्चाराचीं आहेत. शब्दाचें खरें मूळ गुलामांच्या पलायनांत आहे.

कोलंबसानंतर स्पॅनिश लोकांनीं वेस्ट इंडीज बेटांत गुरें नेलीं. त्यांतलीं कांहीं डोंगरांत पळून रानटी झालीं. त्यांना ‘सिमारोन’ म्हणत. पुढें मालकांच्या तावडींतून निसटलेल्या तद्देशीयांना व आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांना तेंच गुरांचें नांव मिळालें. फ्रेंचांनीं त्याचें ‘मारों’ केलें, इंग्रजांनीं ‘मरून’. १५७३ सालीं पनामांत स्पॅनिशांचा खजिना लुटतांना फ्रान्सिस ड्रेकला याच सिमारोनांचें साह्य झालें होतें.

विल्यम डॅम्पियर या दर्यावर्द्यानें १६९९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत हा शब्द रानांत वाट चुकून एकाकी पडणें या अर्थीं योजला आहे. चांच्यांनीं त्याची शिक्षा बनविली. लुटीच्या वांटणींत लबाडी करणाऱ्याला एक बंदूक, थोडी दारूगोळी व पाण्याची बाटली देऊन ओसाड बेटावर सोडीत. अलेक्झांडर सेलकर्क मात्र १७०४ सालीं कप्तानाशीं भांडून स्वतःच्याच हट्टानें हुआन फर्नांडेझ बेटावर राहिला. १७०९ सालीं त्याची सुटका झाली तेव्हां त्या जहाजांचा वाटाड्या हाच डॅम्पियर होता.

इकडे जमेकांतील मरून लोक इंग्रजांशीं झुंजत राहिले. १७३९ सालीं कजो या त्यांच्या नायकाशीं तह होऊन त्यांचें स्वातंत्र्य व जमीन मान्य झाली. मात्र यापुढें पळून येणारे गुलाम परत करावे, अशी जाचक अट त्यांत होती. १७९५ सालीं ट्रेलॉनी टाउनच्या मरूनांनीं पुन्हां शस्त्र उचललें. हद्दपार करणार नाहीं, असें वचन जनरल वॉल्पोल यांनीं दिल्यावर ते शरण आले. सरकारनें तें वचन मोडलें. वॉल्पोल यांनीं विधिमंडळानें देऊं केलेली मानाची तलवार नाकारली. पण १७९६ सालीं पांचशेंहून अधिक स्त्रीपुरुष व मुलें जहाजांत घालून नोव्हा स्कोशियाच्या थंडींत नेण्यांत आलीं. तेथून १८०० सालीं त्यांना सिएरा लिओनला पाठविलें.

ज्यांच्या नांवावरून क्रियापद घडलें, त्यांच्यावरच अखेर तें चालविण्यांत आलें.