गाणं हवं, गाणारी नको

परवा नातीने पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात तिने भूप म्हटला. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लगेच अंगठे आणि फुलं सुरू झाली. एका चुलतभावाने लिहिलं, 'आपल्या घरात गाणं पहिल्यापासून आहेच!' ते वाचलं आणि मी फोन बाजूला ठेवून दिला.

गाणं होतं हे खरं आहे. आरोंद्याच्या घरी वडिलांचा चावीचा ग्रामोफोन होता. त्याला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही असा दंडक. वडिलांना केसरबाई केरकरांचं गाणं फार प्रिय. रात्री जेवणं झाली की माजघरात कंदील बारीक करायचे आणि रेकॉर्ड लावायचे. माझी थोरली बहीण, आमची ताई, दाराआड बसून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर तेच गुणगुणायची. साल १९५९ किंवा ६० असेल. पेटी शिकवणारे एक गृहस्थ आठवड्यातून एकदा खाडीपलीकडून यायचे. ताईने त्यांच्याकडे शिकायचा हट्ट धरला. वडील आवाज न चढवता म्हणाले, "ह्यां कलावंतिणींचां काम. आपल्या घरात चलाचां नाय." त्याच रात्री त्यांनी केसरबाईंची रेकॉर्ड लावली. ताई त्या रात्री दाराआड आली नाही. पुढे तिचं लग्न झालं, संसार झाला, आता ती नाही. तिने पुन्हा गायलेलं मी कधी ऐकलं नाही.

घरच्या मंडळींना हे वाचून थोडं लागेल. पण वडील वाईट माणूस नव्हते. ते त्यांच्या काळाचे आणि आमच्या 'बऱ्या' घराचे होते, एवढंच.

ज्यांची रेकॉर्ड ते लावत, त्या केसरबाई १८९२ साली फोंड्याजवळच्या केरी गावात जन्मल्या, कलावंत समाजात. या समाजातल्या बायका देवळाशी बांधलेल्या. उत्सवात गायचं, नाचायचं, आणि लग्न मात्र करायचं नाही. आमच्या सावंतवाडी संस्थानात भाविणी होत्या. त्या देऊळ झाडायच्या, दिव्यांना तेल घालायच्या आणि देवावर चवरी ढाळायच्या. त्यांच्या मुलग्यांना देवळी म्हणत, ते ढोल आणि शिंग वाजवीत. बापाचं नाव लावायची सोय नसल्याने गावाचं नाव हेच आडनाव व्हायचं. केरीच्या त्या केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. दीनानाथ मंगेशकरांचं आडनावही मंगेशी गावावरूनच आलेलं. ज्या आडनावांनी आपल्याला संगीत दिलं, त्यांच्यात अशी एक रिकामी जागा आहे, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. मीही माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं नाही.

मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. पण आरोंदा तेव्हा संस्थानात आणि समोरचा पेडणे महाल पोर्तुगीजांकडे, म्हणजे खाडीच्या दोन्ही तीरांना तो कायदा लागू नव्हता. तिकडे काम केलं ते त्या समाजातल्याच माणसांनी. राजाराम पैंगीणकरांनी मुली देवाला वाहण्याची चाल मोडायला आपल्याच लोकांना उभं केलं, त्यातून गोमंतक मराठा समाज ही संस्था झाली. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'मी कोण?'. मिळालं तर जरूर वाचा. आणि १९६३च्या डिसेंबरात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले ते दयानंद बांदोडकर याच समाजातले, जन्म आमच्या समोरच्या पेडण्यातला. पलीकडे एवढं घडत होतं आणि अलीकडे ताईची पेटी बंद ती बंदच.

गंमत बघा. त्याच काळात आपली घरंदाज माणसं बालगंधर्वांच्या आठवणींनी गहिवरत होती. पुरुषाने नेसलेलं लुगडं बघून बायका तसं नेसायला शिकल्या. बऱ्या घरची बाई रंगमंचावर चालत नाही म्हणून पुरुषाने बाई व्हायचं आणि मग बऱ्या घरच्या बायांनी त्याच्याकडून बाईपण शिकायचं! १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' नाटकात बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या, तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली.

केसरबाईंना पुढे सगळं मिळालं. १९४८ साली कलकत्त्यात 'सूरश्री' किताब, १९६९ साली पद्मभूषण. १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांतल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. यानं गेली आणि सप्टेंबरातच त्या वारल्या. आज केरीत त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे. कर्तृत्व आभाळाएवढं झालं की आपण जात विसरतो, त्याच्या आधी नाही.

असो. वडिलांवर बोट ठेवून मोकळं होणं सोपं आहे. आता माझं सांगतो.

बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा आम्ही पाठ केलं की मराठी रंगभूमीचा जन्म १८४३ साली सांगलीत, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला. राजेसाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने झालं ते नाटक. मग आमच्या जत्रेत रात्रभर चालायचं ते काय? गणपती, रिद्धिसिद्धी, भटजी, सरस्वती, काळ्या कपड्यातला संकासुर, मग आख्यान आणि उजाडता दहीकाला. लिहिलेली संहिता नाही, पडदा नाही, एक बाकडं हेच सिंहासन. त्याला म्हणायचं 'लोककला', आणि ते वेगळ्या प्रकरणात, परीक्षेला बहुधा न येणाऱ्या. हा फरक मी वर्षानुवर्षं न अडखळता शिकवला.

ऐंशीच्या दशकात माझ्या वर्गात एका दशावतारी नटाचा मुलगा होता. त्या लोकांचं कष्टाचं जिणं मी बघत होतो. पावसात शेतात मजुरी, कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा, डोक्यावर पेटारा घेऊन चालत जायचं. मुलगाही बापाबरोबर लहान भूमिका करी. एका सकाळी तो वर्गात पेंगत होता. विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, रात्री नाटकात होतंय. रोहिदास केलंय." कानामागे सफेदा तसाच होता. मी म्हटलं, "नाच्या होऊन पोट भरणार आहेस का? उभा रहा बाकावर." वर्ग हसला. तो बाकावर उभा राहिला, तासभर. आदल्या रात्री अशाच बाकड्यावर त्याचा बाप राजा हरिश्चंद्र होऊन बसला असणार, आणि ते बघायला मीही गेलो असतो, फक्त त्या रात्री पाऊल मुरगळलं होतं.

त्याने नववीत शाळा सोडली. घरची गरिबी हे कारण होतंच. माझ्या त्या वाक्याचा वाटा किती, ते मला मोजता येत नाही.

करोनाच्या आदल्या वर्षी जत्रेत तो भेटला. देवळामागे चटईवर बसून, आरसा हातात धरून स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवत होता. आता पेटारा टेम्पोतून येतो, पण रंगवणारा हात ज्याचा त्याचाच. मला बघून उठला. मी काहीतरी पुटपुटलो, त्या बाकाबद्दल. त्याला आठवत होतं. म्हणाला, "तां जावंदे. गुरुजी, लवकर जाव नकात हां. माझी एन्ट्री दोन वाजता आसा."

मी थांबलो. गुरुजी म्हणून मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती, वडील बसायचे तिथेच. दोन वाजता तो राजा होऊन आला आणि बाकड्यावर बसला.